स्तनात गाठ लागल्यावर: पहिल्या दिवसापासून बायोप्सीच्या अहवालापर्यंत

“चवथ होऊन जाऊ दे, मग बघू,” हे वाक्य गोव्यातल्या घरांत नाना कारणांसाठी उच्चारले जाते आणि बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. स्तनात लागलेल्या गाठीच्या बाबतीत मात्र बिघडू शकते. माझ्या मावशीला श्रावणात न्हाताना डाव्या स्तनात, काखेच्या बाजूला, वाटाण्याएवढी टणक गाठ लागली. ती दुखत नव्हती, म्हणून तिने कोणाला सांगितले नाही. चवथ झाली, दिवाळी झाली, गावची जत्राही पार पडली, आणि ती डॉक्टरांकडे गेली तेव्हा गाठ सुपारीएवढी झाली होती. त्यानंतरही एक चूक झाली. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

हा लेख अशा प्रसंगाला पहिल्यांदाच सामोऱ्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी आणि त्यांच्यासोबत दवाखान्यात जाणाऱ्या मुली, सुना, नवरे, भाऊ यांच्यासाठी आहे. कोणते उपचार घ्यावेत हे डॉक्टरांनी सांगायचे असते. काहीतरी वेगळे जाणवले त्या दिवसापासून अहवाल हाती येईपर्यंत कोणत्या क्रमाने काय करावे, तेवढेच इथे मांडले आहे.

पायरी पहिली: काय बदलले आहे ते नीट पाहा

आरशासमोर, चांगल्या उजेडात, कमरेपर्यंतचे कपडे काढून उभे राहा. आधी हात खाली सोडून, मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन आणि शेवटी कमरेवर हात घट्ट दाबून दोन्ही स्तन पाहा. त्यानंतर पाठीवर झोपून, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, गळ्याखालच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत आणि छातीच्या मधल्या हाडापासून काखेपर्यंतचा सगळा भाग हळूहळू चाचपून पाहा. बोटांची टोके खुपसू नयेत आणि स्तन चिमटीत धरू नये, कारण चिमटीत धरलेला कोणताही स्तन गाठीसारखाच लागतो.

ज्याकडे लक्ष द्यायचे ते असे. स्तनात किंवा काखेत नवी गाठ, किंवा एखादा भाग आजूबाजूच्या भागापेक्षा जाड आणि घट्ट लागणे, हे सर्वाधिक आढळणारे लक्षण आहे. त्वचेला खळी पडणे, हात वर केल्यावर एका जागी कातडी आत ओढली जाणे, किंवा कातडी जाडसर होऊन तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक छिद्रे दिसणे हे गाठ हाताला लागत नसतानाही गंभीरपणे घ्यावे. स्तनाग्र पूर्वीपासून आत असेल तर त्याची काळजी नको, पण बाहेर असलेले स्तनाग्र नव्याने आत ओढले जाऊ लागले असेल, त्यावर न भरणारी खरूज किंवा चट्टा असेल, किंवा न दाबता एकाच बाजूने रक्त वा पाण्यासारखा स्राव येत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. दोन्ही बाजूंनी, आणि तेही दाबल्यावरच येणारा दुधट किंवा हिरवट स्राव बहुधा वेगळ्या, साध्या कारणांचा असतो. तरीही तो डॉक्टरांना सांगावा.

दुखण्याविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण सर्वांत मोठी फसगत इथेच होते. मासिक पाळीच्या आधी दोन्ही स्तन जड होऊन दुखणे ही फार सर्वसाधारण गोष्ट आहे, आणि केवळ दुखणे हे कर्करोगाचे एकमेव लक्षण असण्याची शक्यता कमी असते. याउलट कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. त्यामुळे “दुखत नाही, म्हणजे काही नाही” हा आपल्याकडे आजीपासून नातीपर्यंत चालत आलेला हिशेब नेमका उलटा आहे. न दुखणारी, टणक, ओबडधोबड कडांची आणि बोटाने सहज न सरकणारी गाठ अधिक तातडीने दाखवावी. मऊ, गोल, सरकणारी गाठही दाखवायचीच, कारण नुसत्या स्पर्शाने निदान होत नाही.

स्तनातल्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात हेही तितकेच खरे आहे. तरुण मुलींमध्ये फायब्रोअ‍ॅडेनोमा नावाची निरुपद्रवी गाठ वारंवार आढळते, चाळिशीच्या आसपास पाण्याने भरलेल्या गाठी आढळतात. मात्र आपली गाठ त्या बहुसंख्यांतली आहे की नाही, हे तपासणीशिवाय कोणालाही सांगता येत नाही.

पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो. एकूण रुग्णांत त्यांचे प्रमाण सुमारे एक टक्का असते. पुरुषाच्या स्तनाग्रामागे टणक गाठ लागली तर संकोचाने ती झाकून ठेवू नये.

पायरी दुसरी: त्याच दिवशी लिहून ठेवा आणि एका माणसाला सांगा

एक वही घ्या आणि तारीख घाला. कोणत्या स्तनात, कोणत्या भागात ते घड्याळाच्या तबकडीप्रमाणे लिहा, उदाहरणार्थ “डावा स्तन, दोनच्या काट्यावर, स्तनाग्रापासून चार बोटे”. आकार वाटाण्याएवढा, सुपारीएवढा की लिंबाएवढा ते लिहा. शेवटची पाळी कधी आली, पाळी थांबली असेल तर कोणत्या वर्षी, सध्या कोणती औषधे चालू आहेत, विशेषतः गर्भनिरोधक गोळ्या किंवा संप्रेरकांची औषधे, हेही नोंदवा. घरात कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, आणि कोणत्या वयात, हे आईकडच्या आणि वडिलांकडच्या अशा दोन्ही बाजूंनी विचारून घ्या. वडिलांकडची बाजू विचारायची राहून जाते. प्रत्यक्षात सदोष जनुक वडिलांकडूनही येऊ शकते.

मग घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगा. सगळ्या गावाला सांगायची गरज नाही, पण कोणालाच न सांगितल्याने बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जायचा दिवस पुढे पुढे ढकलला जातो. ज्याला सांगाल त्याला एकच काम द्या: तारीख ठरवणे आणि त्या दिवशी सोबत येणे.

काय करू नये तेही इथेच सांगतो. गाठ रोज दाबून पाहू नये, तिच्यावर तेल चोळू नये, गरम शेक देऊ नये, झाडपाल्याचा लेप लावून “विरघळते का” याची वाट पाहू नये. गावठी औषधांवर आपल्या लोकांची श्रद्धा आहे, आणि तिचा अनादर करायचा माझा हेतू नाही. पण लेपाने त्वचा लाल झाली किंवा तिला फोड आले की डॉक्टरांना मूळ लक्षण वाचणे कठीण होते, आणि त्या लेपात गेलेले आठवडे परत मिळत नाहीत.

पायरी तिसरी: थांबण्याची मुभा कोणाला, किती दिवस

पाळी चालू असलेल्या तरुण स्त्रीला, पाळीच्या आधीच्या आठवड्यात, स्तन गाठाळ लागत असेल आणि इतर कोणतेही लक्षण नसेल, तर पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी पुन्हा पाहायला हरकत नाही. तेव्हाही ती जागा तशीच लागली तर दाखवावे. ही मुभा एका पाळीपुरतीच आहे.

वय चाळिशीच्या पुढे असेल, पाळी थांबलेली असेल, त्वचा किंवा स्तनाग्र बदलले असेल, रक्तस्राव असेल, काखेत गाठ असेल किंवा जवळच्या नात्यात हा आजार असेल, तर एका पाळीचीही वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवावे. आपल्या देशात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत कमी वयात दिसतो, त्यामुळे “अजून वय कुठे झाले आहे” हे कारण पुरेसे नाही.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी वेगळी सूचना आहे. दूध साचून स्तन लाल, गरम आणि सुजलेला होणे ही ओल्या बाळंतिणीच्या बाबतीत नेहमीची बाब आहे आणि ती प्रतिजैविकांनी आणि दूध नीट काढल्याने उतरते. ठरलेले औषध पूर्ण घेऊनही आठवडा-दोन आठवड्यांत लाली आणि सूज उतरली नाही, तर पुन्हा तेच औषध घेत बसू नये. सोनोग्राफी आणि गरज पडल्यास बायोप्सीची मागणी करावी, कारण कर्करोगाचा एक प्रकार नेमका याच रूपात येतो. या दोन्ही तपासण्या गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असतानाही करता येतात.

पायरी चौथी: गोव्यात कुठे दाखवावे

जवळचे प्राथमिक किंवा सामुदायिक आरोग्य केंद्र हे पहिले ठिकाण. पेडणे, वाळपई, काणकोण अशा लांबच्या भागांतल्या स्त्रियांना थेट राजधानीकडे धावायची गरज नसते. केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी दिली की पुढच्या रुग्णालयातले काम सोपे होते. तिथून म्हापसा किंवा मडगावचे जिल्हा रुग्णालय, किंवा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपले गोमेकॉ, असा मार्ग असतो. गोमेकॉत शस्त्रक्रिया विभागाच्या ओपीडीत स्तनाची तक्रार सांगून केस पेपर काढावा. सकाळी लवकर पोहोचावे, आणि निघण्यापूर्वी त्या विभागाची ओपीडी कोणत्या वारी आहे ते आरोग्य केंद्रातूनच विचारून घ्यावे.

अनेक स्त्रिया पहिल्यांदा आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जातात, कारण ओळख असते आणि संकोच कमी असतो. त्यात वावगे काही नाही, पण गाठ असेल तर त्यांच्याकडून शल्यविशारदांच्या नावे चिठ्ठी घ्यावी. स्त्री डॉक्टरच तपासायला हव्यात असे वाटत असेल तर नोंदणीच्या वेळीच तसे सांगावे. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर परिचारिका किंवा घरातली स्त्री सोबत असावी, अशी विनंती करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

राज्यात २०२१ मध्ये ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ हा उपक्रम सुरू झाला आणि हातात मावणाऱ्या, किरणोत्सर्ग नसलेल्या उपकरणाने स्त्रियांची स्तनतपासणी होऊ लागली. उपक्रम चांगला आहे, पण अशी तपासणी लक्षण नसलेल्या स्त्रियांमधून पुढे कोणाला पाठवायचे हे ठरवण्यासाठी असते. ज्या स्त्रीला गाठ लागली आहे तिने शिबिराची वाट पाहू नये, आणि शिबिरात “काही नाही” असे सांगितल्यानंतर नवे लक्षण दिसले तर आधीच्या निकालावर विसंबून राहू नये.

खर्चाविषयी: दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ मध्ये सुरू झाली. गोव्यात किमान ५ वर्षे वास्तव्य असलेल्या कुटुंबांसाठी ती आहे. तीनपर्यंत सदस्यांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण, अशी तिची रचना ठरवण्यात आली. कार्डाचे नूतनीकरण झाले आहे की नाही ते आजच कपाट उघडून पाहावे. निदान झाल्यावर, धावपळीच्या आठवड्यात, कार्डाची मुदत संपल्याचे कळणे फार त्रासदायक असते.

पायरी पाचवी: तीन तपासण्या, आणि तिन्ही

स्तनातल्या गाठीचे निदान तीन गोष्टी एकत्र पाहून होते: डॉक्टरांच्या हाताची तपासणी, चित्र घेणारी तपासणी, आणि सुईने काढलेला तुकडा. तिन्हींचे उत्तर एकमेकांशी जुळले की निदान पक्के मानतात. एक जरी विसंगत असेल तर पुढे तपासावे लागते.

डॉक्टरांच्या हाताला कमी लेखू नये. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. त्यात निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तन तपासत होत्या. तिथे आजार आधीच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमधले या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. त्यामुळे ब्लाउजवरूनच पाहून कोणी “काही नाही” म्हणत असेल, तर नीट तपासायची विनंती करावी.

चित्रतपासणीत तरुण स्त्रियांसाठी बहुधा आधी सोनोग्राफी करतात, कारण त्यांचे स्तन दाट असतात आणि मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, गाठ झाकली जाऊ शकते. चाळिशीनंतर मॅमोग्राफी आणि जोडीला सोनोग्राफी असा क्रम असतो. मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत आणि स्तनावर पावडर किंवा डिओडरंट लावू नये, कारण त्यांचे कण चित्रात ठिपक्यांसारखे उमटतात. साडी किंवा दोन भागांचा पोशाख घालावा. स्तन दोन पट्ट्यांत काही सेकंद दाबला जातो आणि ते दुखते, पण दाब सोडला की थांबते. पाळी चालू असलेल्या स्त्रीने पाळीनंतरच्या आठवड्यात ही तपासणी केली तर दुखणे कमी होते.

अहवालावर ‘बाय-रॅड्स’ असा शब्द आणि पुढे एक आकडा असतो. ० म्हणजे आणखी चित्रे हवीत. १ आणि २ म्हणजे संशयास्पद काही नाही. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून अधिक नाही, आणि सहसा सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे. ४ आणि ५ म्हणजे बायोप्सी हवीच. ६ म्हणजे कर्करोग आधीच सिद्ध झालेला आहे. हा चित्रावरून बांधलेला अंदाज असतो, रोगाचा टप्पा नव्हे. ४ हा आकडा पाहून “चौथी स्टेज” समजून घरात रडारड झाल्याचे मी पाहिले आहे. आणखी एक गोष्ट: मॅमोग्राफी स्वच्छ आली, पण गाठ हाताला स्पष्ट लागते आहे, तर तपासणी संपलेली नसते. काही कर्करोग मॅमोग्राफीत दिसत नाहीत.

बायोप्सीची सर्वांत जास्त भीती वाटते. त्या जागेपुरती भूल देऊन, बहुधा सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, जाड सुईने गाठीचे काही बारीक तुकडे घेतात. सुई सुटताना स्टेपलरसारखा आवाज होतो. तो आधी ऐकवायला सांगितले तर दचकायला होत नाही. नंतर काही मिनिटे जागा दाबून धरतात, तिथे काळे-निळे होते, आणि त्याच दिवशी घरी जाता येते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगावे. बारीक सुईने फक्त पेशी ओढण्याची तपासणीही असते, पण जाड सुईच्या तुकड्यातून कितीतरी अधिक माहिती मिळते. म्हणून निर्णय घ्यायचा असेल तर जाड सुईचीच तपासणी योग्य.

“सुई लावली की गाठ चिघळते आणि पसरते” हे प्रत्येक वाड्यावर ऐकू येते. ते खरे नाही. सुईच्या बायोप्सीने आजार पसरून आयुष्य कमी होते असे दिसून आलेले नाही. ज्यांची गाठ आधीच वाढलेली होती त्यांना उशिरा सुई लागली आणि नंतर त्रास वाढला, म्हणून दोष सुईवर गेला.

“आधी काढूनच टाकू” याला नकार द्या

मावशीच्या बाबतीत दुसरी चूक इथे झाली. एका खासगी दवाखान्यात, सुईची तपासणी न करता, गाठ भूल देऊन काढून टाकली गेली, आणि काढलेली गाठ प्रयोगशाळेत पाठवलीही गेली नाही. घरच्यांना वाटले, पीडा टळली. पाच महिन्यांनी त्याच व्रणाशेजारी कडक भाग लागला. त्यानंतरचे उपचार मार्गी लागले आणि ती आज घरी आहे, पण पहिल्या गाठीचा आकार किती होता, ती कडेपर्यंत पोहोचली होती का, तिचा प्रकार काय होता, हे नंतरच्या डॉक्टरांना कधीच कळू शकले नाही.

म्हणून हे स्पष्ट सांगतो. संशयित गाठ आधी सुईने तपासावी, निदान समजावे आणि मगच शस्त्रक्रिया ठरावी. कर्करोग निघाला तर कधी आधी केमोथेरपी देऊन गाठ लहान करतात, कधी स्तन राखून शस्त्रक्रिया होते, कधी काखेतल्या ग्रंथीही तपासाव्या लागतात; घाईने गाठ काढली की यातले काही मार्ग अवघड होतात. आणि शरीरातून काढलेला कोणताही तुकडा पॅथॉलॉजीच्या तपासणीला गेलाच पाहिजे. “नमुना कुठे पाठवला, पावती द्या,” असे विचारायला संकोचू नये.

पायरी सहावी: अहवाल येईपर्यंत आणि आल्यावर

अहवाल यायला काही दिवस लागतात आणि विशेष चाचण्या असतील तर आणखी काही. तो कोणत्या तारखेला, कोणत्या खिडकीवर मिळेल हे नमुना देतानाच लिहून घ्या, आणि त्या तारखेला कोणीतरी जाऊन तो आणावाच. रुग्णालयाकडून निरोप आला नाही म्हणजे सर्व ठीक आहे असे गृहीत धरू नये. पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान व्हावे, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने ठेवले आहे. आपल्या वहीत तेवढे दिवस मोजून खूण करावी आणि काम कुठे अडले आहे ते दर आठवड्याला पाहावे.

गाठ निरुपद्रवी निघाली तर ती काढायची की नुसते लक्ष ठेवायचे, आणि पुढची सोनोग्राफी कधी, हे विचारून तारीख घ्यावी. कर्करोग निघाला तर अहवालात इआर, पीआर आणि हर-टू या तीन चाचण्यांचे निकाल आहेत का ते पाहावे. नसतील तर त्या करायला सांगाव्यात, कारण संप्रेरकांची गोळी चालेल का आणि विशिष्ट लक्ष्यावर काम करणारे औषध लागेल का, हे त्यांवर ठरते. दुसरे मत घ्यायचे असेल, परळच्या टाटा रुग्णालयात किंवा अन्य कुठे, तर कागदी अहवालासोबत काचेच्या स्लाइड आणि मेणातला ब्लॉकही मागून न्यावा. ते नसतील तर बायोप्सी पुन्हा करण्याची वेळ येऊ शकते. सोनोग्राफी आणि मॅमोग्राफीच्या फिल्म किंवा सीडी, रक्ताचे अहवाल, केस पेपर, योजनेचे कार्ड आणि आधार कार्ड एकाच पिशवीत ठेवावे आणि प्रत्येक अहवालाचा फोनवर फोटो काढावा.

निदान पक्के झाल्यावर घरातल्या इतर स्त्रियांचाही विचार करावा. आईला किंवा बहिणीला ज्या वयात हा आजार झाला, त्याच्या दहा वर्षे आधीपासून मुलीने आणि बहिणीने डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित तपासणी सुरू करावी. आजार कमी वयात झाला असेल, घराण्यात अंडाशयाचा कर्करोग असेल किंवा एखाद्या पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर बीआरसीए जनुकांच्या, म्हणजे सदोष असल्यास या कर्करोगांचा धोका वाढवणाऱ्या जनुकांच्या, तपासणीविषयी विचारावे. मावशीला निदान झाले तेव्हा ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. तिच्या थोरल्या मुलीला यंदा अडतिसावे लागले, आणि तिने सोनोग्राफीची तारीख चवथीच्या आधीची घेतली आहे.